छत्तीस पूर्णांक सात

गजर पावणेपाचचा. उठायचं नाही,
बोलायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही,
आधी जिभेखाली थर्मामीटर.
एसीची घरघर, खाली रुवीच्या रस्त्यावर
पहिली अजान, आणि माझ्या तोंडात
मला गप्प बसवणारी काचेची काडी.
छत्तीस पूर्णांक चार.
पेन्सिलीनं एक ठिपका.

गोळ्या मी तीन वर्षं घेतल्या,
रोज रात्री साडेनऊला, भांडी आवरल्यावर.
वाईट नव्हत्या. वहिनीला मानवल्या,
शेजारच्या शेरीनला मानवल्या.
माझं मात्र अर्धं कपाळ ठणकायचं
आणि मी भेंडी चिरता चिरता रडायची.
कांदा असता तर निदान कारण सांगता आलं असतं.

डॉक्टर बुशरा सुदानच्या, बोटांच्या टोकांवर मेंदी.
टेबलावर सगळं मांडून बसल्या, बोहारणीसारख्या:
तांबी, निरोध, आणि हा चौकटींचा कागद.
तांबी मी हातात घेऊन पाहिली. एवढीशी.
म्हटलं, आमच्याकडे तांब्यात पाणी भरून ठेवतात.
त्या हसल्या. मग म्हणाल्या,
"कागद फसवूही शकतो.
ताप आला, झोप मोडली, की खोटं बोलतो.
आणि तो नवऱ्यालाही वाचता यायला हवा."

नवरा मरमूलला, तेलाच्या विहिरीवर.
अठ्ठावीस दिवस तिकडे, अठ्ठावीस घरी.
माझं चक्र एकतीसचं.
भिंतीवर किराणावाल्याचं कॅलेंडर, त्यात हिजरी महिने,
एकोणतीस नाहीतर तीस.
एका खोलीत तीन हिशेब, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही.

सासूबाई फोनवर आवाज खाली आणतात,
"कावळा शिवला का गं?"
इथेही कावळे आहेत, सांगते मी,
आपल्याकडूनच आले म्हणतात, जहाजावर बसून,
व्हिसा नाही, काही नाही.
एक तर रोज कठड्यावर असतो.

कोरडे दिवस. मग ओलसर.
मग ते, अंड्यातल्या पांढऱ्यासारखं,
दोन बोटांत ताणलं तरी न तुटणारं.
वीस वर्षं हे माझ्याच अंगात चाललं होतं
आणि मला वाटायचं,
यावर काही औषध घ्यावं का.

मार्चमध्ये जयवंत आला तो नेमका त्याच दिवसांत.
बुटात वाळू, बॅगेत मळके कपडे,
डोळ्यांत अठ्ठावीस दिवस.
मी कागद दाखवला. लाल पेन्सिल, सहा घरं.
"निरोध आहे की," तो म्हणाला.
"या सहांत मला त्याचाही भरवसा नको."
तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. बराच वेळ.
मग आत येऊन पत्त्यांचा जोड काढला.
मेंढीकोट दोघांचा खेळ नाही.
तरी खेळलो, दोन रिकाम्या खुर्च्यांची पानंही
आम्हीच टाकत.

चौथ्या पहाटे गजर झाला तेव्हा
थर्मामीटर त्यानंच पुढे केला, डोळे मिटलेलेच.
मग मोबाइलच्या उजेडात वाचलं:
छत्तीस पूर्णांक सात.
विहिरीचा दाब लिहितात त्या अक्षरात
आकडा लिहिला, वर ठिपका दिला.
"एवढ्यात नाही," मी म्हणाले, "असे तीन लागतात."
"माहितीये," तो म्हणाला. "वाचलंय मी."

जुलैत पारा उतरेचना.
चौदावा दिवस, पंधरावा.
मरमूलहून फोन, मध्येच तुटणारा.
"आज?"
"छत्तीस सात."
"काल?"
"तेच."
पुढचं कुणी बोललं नाही,
बिल मात्र चालू राहिलं.

सतराव्या पहाटे छत्तीस तीन. दुपारी पाळी.
सांगितलं त्याला. तिकडे नुसता वारा.
"बरं झालं ना?" त्यानं विचारलं,
त्यातला 'ना' जरा लांबवून.

कागदावर त्यासाठी रकाना नाही.
समासात तारीख लिहिली, पुढे काही नाही,
आणि नवा कागद आखायला घेतला.
पट्टी सापडेना.
शेवटी बदामाच्या दश्शीच्या कडेनं
रेघा मारल्या.