त्याच जागेवरून

सज्जनगडाचा फाटा मागं टाकून ठोसेघरच्या वाटेला लागलं
की तिसऱ्या वळणावर एक काळा कातळ लागतो.
त्यात छिन्नीनं पाडलेली तीन भोकं.
गुराखी म्हणतात, कुणीतरी देव बसवणार होतं, राहून गेलं.

ती भोकं मी पाडली. चौदा वर्षांचा होतो.
मुबारक मास्तर शिकलगार शेजारी उभे,
डोक्याला मफलर, तोंडात लवंग,
"सूतभर डावीकडं घे.
तिकाटण्याचा पाय दरसाल त्याच भोकात पडला पाहिजे."

दरसाल सोळा जानेवारी, सकाळी सव्वानऊ.
एकच फोटो.
गिऱ्हाईक नाही, ऑर्डर नाही.
मोती चौकातल्या दुकानाचं शटर त्या दिवशी उघडायचं नाही,
उघडायचं ते फक्त कॅमेऱ्याचं,
सेकंदाच्या साठाव्या भागापुरतं.

असं एकतीस वर्षं.
मी एकदा हिशेब मांडला:
सगळा मिळून उजेड
अर्ध्या सेकंदाहून जरासा जास्त.

सोळाच का, सव्वानऊच का,
कधी विचारलं नाही.
विचारलं असतं तर म्हणाले असते,
हायपो कालव आधी.

मास्तर गेल्यावर त्यांच्या सुनेनं, रुबीनानं,
बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्या हाती दिला.
दुकानातली खुर्ची बाहेर काढून
एकतीस फोटो फरशीवर ओळीनं लावले,
गुडघ्यावर रांगत, भिंग घेऊन.

पहिल्या दहात उरमोडी म्हणजे एक रेघ,
करंगळीनं झाकावी एवढी.
काठाला वाडी, शाळेची कौलं,
वाळत घातलेलं काहीतरी पांढरं.
मग एका साली कौलं नाहीत, नुसत्या भिंती.
मग भिंती नाहीत.
मग पाणी, सपाट, सगळ्या फोटोत सगळ्यात उजळ,
छापताना मला तिथं हात धरून उजेड अडवावा लागायचा.

पठारावर आधी तीन पवनचक्क्या,
पुढच्या साली मोजायचं सोडलं.
अठराव्या फोटोत उजव्या कोपऱ्यात एक पुसट डाग.
तो डाग नाही, अनसूया झोरे आहे.
शेळीमागं पळत होती.
हिरडा मात्र उभा होता, म्हणून तो हिरडा आला.
जे थांबतं त्याचा फोटो निघतो,
जे चालतं त्याचा धूर.

डोंगराची कड एकतीसदा तीच.
केसाएवढाही फरक नाही.

पण शेवटच्या सहा-सात फोटोंत
पुढचं गवत वाढत गेलेलं दिसलं.
आधी घोट्याएवढं, मग पाण्याच्या कडेला टेकलेलं,
शेवटच्या साली त्यानं निम्मं धरण झाकलं.
मी म्हटलं, त्या साली पाऊस बरा झाला असेल.
मागं पेन्सिलीनं मास्तरांचं गिचमिड: "पाऊस बेताचा. वारा."

मग कळलं.
गवत तेवढंच होतं,
मास्तर खाली आले होते.
पाठ वाकली तसा दरसाल
तिकाटण्याचा पाय ते दोन बोटं आत सारत होते,
डोळा पोचावा म्हणून.
मी शेजारीच उभा होतो,
लेन्सचं टोपण हातात धरून.
माझं लक्ष डोंगराकडं.

यंदा एकटा गेलो.
भोकांत माती साचलेली, एकात मुंग्यांचं बिऱ्हाड.
ते भोक सोडून
दगडाची चिप लावून पाय टेकवला.
मी मास्तरांपेक्षा वीतभर उंच,
पहिला फोटो जुळवायला मला वाकावं लागतं,
शेवटचा जुळवायला गुडघ्यावर यावं लागतं.

दुधाचा टेम्पो थांबला. पोरगं काचेतून म्हणालं,
"काका, धबधबा पुढं हाय. हितं कशाचा फोटो?"
मी भिंगातून डोकं न काढता म्हटलं,
"उंचीचा."
त्यानं डोंगराकडं पाहिलं, मान डोलवली,
गिअर टाकला.

सव्वानऊला अजून चार मिनिटं होती.
कोणता पाय किती आत घ्यायचा
ते माझं ठरत नव्हतं.