कोरडं वजन

ओबेड पिटमनच्या वहीत पन्नास वर्षं
एकच रकाना भरला जायचा: पौंड.
कॉड इतका, लॉब्स्टर इतके,
वारा आग्नेयेचा, धुकं.
आता त्याच रकान्यात तो स्वतःला लिहितो,
किलोत,
मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी,
डायलिसिसच्या आधी आणि नंतर.

मी नर्स. काटा माझ्या ताब्यात.
पहिल्या दिवशी म्हणाला,
"एकशेत्रेसष्ट म्हण ना पोरी,
चौऱ्याहत्तर ऐकलं की वाटतं
अर्धा मी वाटेतच कुठं सांडलो."

न्यूफाउंडलँडच्या या टोकाला आमचं हे असंच.
हवा सेल्सियसमध्ये गोठते,
केक फॅरनहाइटमध्ये फुगतो.
बाळ जन्मतं किलोत,
आणि आजीला फोन जातो पौंडात.
रस्ता किती लांब, विचारा:
किलोमीटर नाही, मैल नाही,
दीड तास,
बर्फ नसेल आणि मूस आडवा आला नाही तर.
खाडी अजून वावांनीच खोल.
आणि ओबेडचा क्विंटल म्हणजे
एकशेबारा पौंड खारवलेला कॉड.
जगात शंभर किलोचाही एक क्विंटल असतो म्हटलं,
तर जुन्या भागीदारानं फसवल्यासारखा
गप्प बसून राहिला.

मग एकदा त्याचा पाय दाबून पाहताना
(बोटाचा खळगा बराच वेळ भरेना)
मी म्हटलं, कोष्टक सोडा, एवढंच धरा:
एक लिटर पाणी, एक किलो वजन.
तुमचं कोरडं वजन साडेएकाहत्तर.
आज चौऱ्याहत्तर पूर्णांक दोन.
वरचं सगळं चहा, सूप, बर्फाचे तुकडे.
"दोन पूर्णांक सात लिटर," तो म्हणाला.
न चुकता. लगेच.
एवढं सरळ माप
त्याला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.
मासळीच्या धक्क्यावर तर नाहीच,
तिथं मापात पाप
कंपनीच्या काट्याला मीठ लागल्यासारखं चिकटलेलं.

तेव्हापासून त्याच्या फ्रिजात एक बाटली असते.
सकाळी लिटरभर भरलेली.
चहा घेतला की तेवढंच पाणी
बाटलीतून बेसिनमध्ये ओतायचं.
बाटली रिकामी, दिवस संपला.
तहान मात्र कुठल्याच एककात बसत नाही,
असं त्यानं सांगितलं नाही;
त्याच्या ओठांवरून मला कळलं.

गेल्या गुरुवारी तो बाटली घेऊनच आला.
"हिचं वजन कर."
धक्क्यावरून भरलेली, तळाशी
शेवाळाचा एक धागा.
आहारतज्ज्ञ बाईंचा छोटा काटा आणला,
रिकाम्या बाटलीचं वजन वजा केलं.
एक किलो, आणि वर पंचवीस ग्रॅम.
"लिटरच आहे," तो म्हणाला, "रेघेपर्यंत भरलीय.
मग हे पंचवीस कुठले?"
"मिठामुळं."
तो इतका हसला
की मशीन दाब वाढला म्हणून किंचाळू लागलं,
एकशेअठ्ठ्याहत्तर, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये,
आणि शेजारच्या खुर्चीतली मॉड जागी झाली.
"म्हणजे मिठानं त्याचंही वजन वाढतं!
त्याला कुणी वर्ज्य सांगितलं नाही का?"

चार तास. नळ्यांतून लाल जातं, लाल येतं.
जे काढून घ्यायचं ते पाईपानं मोरीत,
मोरीतून पुढं, खाली,
ते शेवटी कुठं जातं
हे या गावात सांगावं लागत नाही.

निघताना पुन्हा काटा.
एकाहत्तर पूर्णांक सहा.
शंभर ग्रॅमची उधारी ठेवू, म्हटलं, शनिवारी बघू.
कोटाची बटणं लावून तो वही काढतो,
पेन्सिल जिभेला टेकवतो
(तो ओलावा मी मोजत नाही)
आणि लिहितो:

वारा आग्नेयेचा. धुकं.
दोन पूर्णांक सहा लिटर
परत सोडले.