नादारीचा अर्ज

पहिल्या वकिलाच्या भिंतीवर सर्टिफिकिटं सात.
म्हणाला, सहा माग मेव्हण्याच्या नावावर करा,
बाकी माझ्यावर सोडा.
चहा मागवला, साखर जास्त.

दुसऱ्याने फी आधी सांगितली.

मुचंडीबाईंचं ऑफिस कॉलेज रोडच्या मागं, झेरॉक्सच्या वर.
कानडी नोटीस त्यांनी मराठीत वाचून दाखवली,
एकही शब्द मऊ न करता.
माझी वही उलटीकडून चाळली.
'सूतवाल्या शेठजीचं आहे, बँकेचं आहे.
कांड्या भरायला कोण होतं?'

वडगावातला माझा माग
तेव्हा कुठं कानात थांबला.

तीन महिन्यांची मजुरी.
'ते पहिलं लिहा,' म्हणाल्या,
आणि पेन पुढं केलं, टोपण काढून.

निंगव्वा, लिहिलं.
आडनाव
मला ठाऊकच नव्हतं.