तो म्हणतो

विनिपेगमध्ये रविवार रात्रीचे आठ,
माझ्याकडे, देजॉनमध्ये, सोमवार सकाळचे अकरा.
मध्ये पंधरा तास आणि एक हिरवा दिवा.
दिवा लागला की मी दुभाषी,
विझला की तिसऱ्या मजल्यावरची भाडेकरू,
जिच्या वॉशिंग मशीनबद्दल खालचे तक्रार करतात.

ब्रायस थीसन बोलतो तळघरातून.
मागे हीटर घरघरतो, बाहेर उणे एकतीस.
एकेकाळी तोही खेळायचा.
मनगट गेलं, जीभ राहिली;
आता दर रविवारी दोन तास
कोण चढलं, कोण घसरलं, कुणी कुणाचा डाव उचलला
याचं दळण दळतो. लारिसा पीठ चाळते.
चार हजार माणसं ऐकतात,
कुणी भांडी घासताना, कुणी नाइट ड्यूटीवर,
आणि हसण्याच्या जागी हसतात.
मला आवडतात ती दोघं. हे आधीच सांगून ठेवते.

आज पाहुणा बांग ग्यू-वोन.
कॅमेरा जरा खाली लागलाय,
त्यामुळे माणसापेक्षा हनुवटीच जास्त.
ब्रायसने तेच विचारलं, जे सगळे तीन वर्षं विचारतायत:
फायनलचा पाचवा डाव,
दोन तळ शाबूत, तिजोरी भरलेली,
सैन्य धुक्यात उभं,
आणि तू 'जीजी' टाइप करून उठलास. का?
लारिसाने कोंबडा आरवल्याचा आवाज लावला.
(तो त्यांचा जुना विनोद. मलाही कळायला वर्ष लागलं.)

आधी घसा, मग पाण्याचा घोट, मग बोलणं.
म्हणाला, समोरचा मुलगा आणि मी
सहा वर्षं एकाच दुमजली पलंगावर. तो वर, मी खाली.
टीमच्या घरात चौदा जण, बाथरूम एक.
तो झोपेत बडबडायचा. फक्त खेळाचंच.
कुठून वळसा घालायचा, काय लपवायचं,
घाबरलो तर कुठे मागे सरायचं.
मी जागा असायचो.
त्या दिवशी काचेच्या केबिनमध्ये बसलो
तर नकाशावरचं धुकं माझ्यापुरतं धुकंच नव्हतं.
डावीकडच्या कड्यामागे तो आहे
हे बघायच्या आधीच माहीत.
चाल केली असती तर जिंकलो असतो.
हात माउसवरच होता.
पण ते मी शिकलो नव्हतो हो,
ते मी ऐकलं होतं.

थांबला.
"फार लांबलं," म्हणाला, "तुम्ही बघा काय ते."

तीन मिनिटं वीस सेकंद.
ब्रायस भुवया उंचावून बसलेला.
सोडलेल्या डावाला या धंद्यात कसला वास चिकटतो
मला ठाऊक होतं;
पैसे कुणी घेतले, हे विचारायला
लोकांना एक रात्रही लागत नाही.
मी माइक चालू केला:
"तो म्हणतो, त्या दिवशी समोरचा चांगला खेळला."

क्षणभर काहीच नाही. मग ब्रायसची मुरकुंडी वळली.
"कोरियन भाषा फारच ऐसपैस आहे बुवा!"
कोंबडा पुन्हा आरवला.
माझे कान तापले,
कारण ऐकणाऱ्यांत कोरियन कळणारे
चारशे तरी असतील.

मग फोन. पहिलाच इंचॉनहून, क्वॉन नावाचा कुणी,
जहाजांच्या गोदीवर क्रेन चालवतो म्हणाला.
ब्रायसला गंमत सुचली: "तुम्हीच सांगा,
दुभाषीबाईंनी आमचं काही चोरलं की नाही?"
पलीकडे वारा. कुठेतरी भोंगा.
"नाही," क्वॉन म्हणाला. "बरोबर सांगितलं."
दुसरा फोन टोरँटोहून, वयस्कर बाई,
तिला कुणी विचारलंही नव्हतं.
"बरोबर होतं," ती म्हणाली,
आणि नव्या नकाशावरची तक्रार सुरू केली.

ग्यू-वोनला इंग्रजी कितपत कळतं
मी कधी विचारलं नाही.
त्याने कॅमेरा वर केला, एवढंच.
आता डोळे दिसत होते.
पुढचा प्रश्न: रात्रीच्या सरावाला कुठले नूडल्स?
त्याचं उत्तर मी शब्दन् शब्द सांगितलं,
अंडं कधी फोडायचं यासकट.