सतरा क्रेट

सकाळी सहाला सातपूरच्या हॉलचं शटर वर जातं
तेव्हा मॅट थंडीनं पत्र्यासारख्या कडक.
जानेवारीतल्या नाशकात
स्नायूंना जाग यायला पंचवीस मिनिटं लागतात.
मी घाई करत नाही. एकदा केली होती,
डावं मनगट अजून आठवण देतं.

ईश्वरी पगार. वय तेरा, वजन चौतीस.
फ्लोअरचा सेट नव्वद सेकंदांचा.
शेवटच्या तिरक्या धावेला मांड्या पेटतात,
श्वास पुरत नाही, आणि नेमकं तिथंच
चेहरा हसरा ठेवून
दुहेरी पिळाची उडी घ्यायची असते.
संपलं की मी तिच्या मानेवर दोन बोटं ठेवते.
दहा सेकंदांत एकतीस ठोके.
गुणिले सहा. वहीत लिहिते.

तिच्या वडिलांना वही कळेना.
ते पिंपळगावच्या मार्केटात द्राक्षांच्या गाड्या भरतात,
म्हणून त्यांच्याच मापात सांगितलं:
उतरताना अंगावर दहापट भार येतो, दादा.
वीस किलोचे सतरा क्रेट,
एकदम, दोन घोट्यांवर.
"दिवसातून किती वेळा?"
साठ, मी म्हटलं.
ते बराच वेळ तिच्या पायांकडे बघत राहिले.
"गाडी भरली की आम्ही बसून चहा घेतो.
ही काय घेते?"

त्या रात्री वही मागून चाळली.
उंची: आठ महिन्यांत पाच सेंटिमीटर.
हाडं पुढे निघून गेलेली, स्नायू मागून धापा टाकत येताहेत,
मनगटातली वाढीची कड कच्च्या विटेसारखी ओली.
उडी बिघडली म्हणून मी ओरडत होते
आणि पोरगी रोज नव्या शरीरात उठत होती.

साठाचे पंचवीस केले,
त्यातले पंधरा फोमच्या खड्ड्यात.
गुरुवार रिकामा. नाचणी, खजूर, नऊ तास झोप.
राज्य स्पर्धा पाच आठवड्यांवर.
चिटणीस म्हणाले, मॅडम,
हे ट्रेनिंग आहे की माहेरपण?

काल तिनं पूर्ण सेट केला.
उतरताना एक पाऊल मागे गेलं,
तेवढे गुण जाणारच.
मी बोटं पुढे केली, तर माझा हात बाजूला सारून
पावडरीनं पांढरी झालेली स्वतःची बोटं
तिनं माझ्या मानेवर टेकवली,
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, ओठ हलवत मोजलं.
"तेवीस गुणिले सहा...
मॅडम, तुम्ही तर नुसत्या उभ्या होतात!"