दर अर्ध्या तासाने चव पाहणे

अर्धी बाटली जिन ओतली काचेच्या बरणीत,
एरवी जी लिंबाच्या लोणच्याची.
तीनदा धुऊन, उन्हात वाळवूनसुद्धा
झाकणाला हिंगाचा वास आहेच.
असू दे.

मंडईतल्या लवंगी मिरच्या, चार.
बिया काढायच्या की ठेवायच्या
यावर संजीवनीबाईंचं आणि माझं एकमत झालं नाही.
"पाण्यातलं लोणचं का हो मॅडम?"
मी हो म्हटलं.
त्यांनी बरणी हुंगली, माझ्याकडे पाहिलं,
पोळपाट धुतला, आणि म्हणाल्या,
"मग बिया काढाच."
मी नाही काढल्या.

तेवीस वर्षं अकरावीला रसायनशास्त्र शिकवलं.
तिखट पाण्यात विरघळत नाही, मद्यार्कात विरघळतं,
हे फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावर
कुणीतरी हसायचंच त्या शब्दाला.
आता कर्वेनगरच्या ओट्यावर, एकसष्टाव्या वर्षी,
प्रात्यक्षिक.
बरणीला पट्टी चिकटवली: सुरुवात ३.१०.
दर अर्ध्या तासाने चव पाहणे.

३.४०. हिरवा वास. तिखटाची नुसती बातमी.
४.१०. जिभेच्या टोकावर कुणी टिचकी मारून
जिन्याने खाली पळाल्यासारखं.
इथेच गाळायला हवं होतं.

सव्वाचारला श्रीरंगचा फोन.
तळेगावचा प्लॉट, बाबांची सही, कुठल्या तारखेची,
"आणि ताई, तू तर इथेच होतीस,
तुला काय कमी पडलं?"
इथेच होते.
रात्रीचा खोकला, नळी, चादरी,
हॉस्पिटलच्या काउंटरवरची रांग,
तेही सगळं इथेच होतं.
घशाशी आलं.
मी म्हटलं, "बरं. कागद पाठव. वाचते."
मग त्याच्या मुलीची ॲडमिशन, लीड्सची थंडी,
गुडघे. त्याचे, मग माझे.

फोन ठेवला तेव्हा पावणेसहा.
चमचा बुडवला, जिभेला लावला
आणि कान बंद झाले.
बरणीच्या तळाशी मिरच्या फिकट, ढिल्या,
होतं ते सगळं देऊन मोकळ्या झालेल्या.

सातला तेहमी आली कॅम्पातून,
रिक्षावाल्याशी भांडण अर्धं जिन्यातच संपवत.
एक घोट. चष्मा काढला, डोळे पुसले.
"फेकून दे."
फेकून द्यायला मी काही श्रीमंत नाही.
पण आत गेलेलं तिखट परत काढता येत नाही,
भोवतीचं वाढवता येतं, एवढंच.
टॉनिक वाढवलं, बर्फ, काकडी,
कोकणी दुकानातलं आगळ.
गूळही घालून पाहिला:
गोड गोडच राहिलं, तिखट तिखटच,
लग्नात शेजारी बसवलेल्या
न बोलणाऱ्या नातेवाइकांसारखी दोघं.

शेवटी माझ्या जुन्या पेटीतला ड्रॉपर सापडला.
साधी जिन, टॉनिक, लिंबाची फोड,
पेल्याच्या कडेला मीठ आणि मेतकूट
(ही तेहमीची कल्पना, मी फक्त डबा दिला)
आणि वरून बरणीतले तीन थेंब.
आधी लिंबू. मग कडवट टॉनिक.
मग बऱ्याच उशिराने,
आपण दुसऱ्याच विषयावर बोलत असताना,
मागून, कानशिलापर्यंत.

"हे बरंय," ती म्हणाली. "किती दिवस पुरेल?"
मिलिलिटरला वीस थेंब, दोघींना सहा.
"रोज प्यायलो तर साडेतीन वर्षं."
"रोज कोण पितंय?"
"मग आपल्यापेक्षा जास्त टिकेल."
ती इतकी हसली की तिला पुन्हा ठसका लागला.
ताक दिलं.

ती गेल्यावर पट्टी बदलली.
अर्क. थेंबानेच वापरणे.
मग फोन घेतला, श्रीरंगला लिहिलं,
"बाबांची नळी रात्री मी बदलायचे. अडीच वाजता."
खाली अजून काहीबाही लिहिलं होतं, ते खोडलं.
पाठवलं.
तिकडे अजून संध्याकाळ असेल.
काचेवर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता,
पिवळा, मेतकुटाचा.