शेजाराचा रकाना

भुसावळला, लोको शेडच्या मागे,
जिथं चर्चची घंटा आणि शेडचा भोंगा
एकमेकांची वेळ चुकवत वाजायचे,
तिथं संस्थेचं पहिलं ऑफिस म्हणजे एक कपाट.
पाळकांच्या टांगलेल्या झग्याखाली
सहा घोंगड्या, एक कंदील,
आणि उसन्या दिलेल्या भांड्यांची वही.

ती वही आता माझ्या ताब्यात असते.
पहिली नोंद: 'घागर एक. नेली हुरमत तडवीने.
परत आली, भरून.'
भरून का, ते लिहिलेलं नाही.

अक्षर शलमोन भालेरावांचं.
पार्सल ऑफिसात जन्म गेलेला माणूस,
नग दिसला की चिठ्ठी लावायची सवय.
माणसांच्या नावांपुढेही लिहून ठेवायचे:
नाजूक.
वरची बाजू वर.
पाण्यापासून जपा.

पुढं वरच्या ऑफिसातून छापील फॉर्म आले.
नाव, वय, धंदा, धर्म.
शेवटच्या रकान्यापाशी भालेरावांचा चहा थंड झाला म्हणे.
मग टाक बुडवून त्यांनी 'धर्म'च्या अलीकडं
'शेजार' लिहिलं. तीनशे फॉर्मांवर. दोन रात्री.
आणि येईल त्याला विचारायचे,
बाजूला कोण राहतं?
तेच नाव त्या रकान्यात.
म्हणून हुरमत तडवीच्या फॉर्मवर आहे: मार्था साळवे.
आणि मार्थाच्या फॉर्मवर: गोमा भिल व त्याची शेळी.

मग ती मे महिन्यातली दुपार.
इंजिनाची ठिणगी म्हणा, कुणाची चूल म्हणा,
रुळालगतच्या झोपड्या चहा उकळेपर्यंत संपल्या.
शंभर-सव्वाशे माणसं चर्चच्या बाकांवर झोपली.
त्या रविवारी उपदेश झाला नाही,
पाळकांना उभं राहायलाच जागा नव्हती.

मोकळी जमीन एकच, कब्रस्तानाची राखीव पट्टी.
कमिटीच्या तीन बैठका झाल्या.
आमच्या मेलेल्यांचं काय, कुणीतरी म्हणालं,
आणि ते खोटंही नव्हतं.
एस्तेरबाई नवऱ्याशेजारची जागा
विटा लावून, पैसे भरून बसली होती.
तीच उठली:
"मले कुठीबी पुरा. यायले अंग टाकायले जागा द्या."
इतिवृत्तात हे वाक्य नाही.
अंगठा आहे फक्त, जरा सरकलेला.

बावीस खोल्या. भाडं दोन रुपये.
मी अकरा नंबरात जन्मले,
आणि आई पाहुण्यांना सांगायची,
हिचा पाळणा बरोबर एस्तेरबाईच्या जागेवर.
पाहुणे चहा लवकर संपवायचे.

सगळंच असं सांगण्यासारखं नाही.
सिमेंट आलं तेव्हा थोडं भलत्याच घरी गेलं.
आणि पान एकशे चौदा फाडलेलं आहे.
त्यावर काय होतं ते मला माहीत आहे:
तीन महिने भाडं थकलं म्हणून
गोमाच्या मुलाचं सामान बाहेर ठेवल्याची नोंद.
भर उन्हात. पाटा-वरवंटा, एक ट्रंक,
आजारी बायको ट्रंकेवर बसलेली.
खाली सही माझ्या वडिलांची.
पान फाडलं तेही त्यांनीच,
पुष्कळ वर्षांनी, दिवे गेले असताना.
मला वाटलं, ते काडेपेटी शोधतायत.

आता अर्ज संगणकावर भरायचे.
'धर्म'समोर लाल चांदणी आहे,
भरल्याशिवाय पुढं सरकू देत नाही.
भरते. ऑडिट असतं.
पण वहीही लिहिते.

परवा यावलकडची एक मुलगी आली,
हातात पिशवी, कडेवर लेकरू,
नावाआधी म्हणाली, पंखा आहे का खोलीत?
चार नंबर दिली.
बाजूला कोण राहतं, मी सवयीनं विचारलं.
"आजूक कोनी नाही," ती म्हणाली,
"आत्ताच त आली."
मी तेवढंच लिहिलं,
आणि शाई वाळेपर्यंत
पान उघडं ठेवलं.